चेहरा आणि चौकट

प्रवासाहून परतताना आपण बायका दोन गोष्टी बरोबर आणतो. एक हौसेने घेतलेली असते: एखादं वारली चित्र, ओडिशाचं पट्टचित्र, हिमरूचा एखादा तुकडा नाहीतर अजिंठ्याच्या पद्मपाणीची नक्कल. दुसरी नको असताना मिळालेली असते: उन्हाने रापलेला, चुरचुरणारा चेहरा. घरी आल्यावर आठवडाही जात नाही, तोच दोन्हींच्या मागे आपण हात धुऊन लागतो. चेहऱ्यावर लिंबू, ब्लीच, शेजारणीने सांगितलेलं क्रीम. चित्राला डिंक, लॅमिनेशन आणि वरून चकचकीत काच. पंधरा दिवसांनी पाहावं तर चेहऱ्यावर पुरळ आणि चित्रावर सुरकुत्या.

मैत्रिणींनो, एकाच लेखात त्वचा आणि चित्रं हे दोन विषय कसे, असं तुम्हाला वाटेल. पण जरा विचार केलात तर दिसेल की दोन्हींचे शत्रू तेच आहेत. कडक ऊन, ओल, घासाघीस आणि नको तो लेप. आणि दोन्हींना लागू पडणारा नियमही एकच: जे लावल्यावर पुन्हा काढता येत नाही, ते लावायचं नाही. हा नियम पटायला फार लांब जायला नको. आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या भिंतींनी हा धडा फार महागात गिरवला आहे.

अजिंठ्याची गोष्ट

अजिंठ्याची लेणी पाहायला आपण जातो, पाहुण्यांना नेतो. पण ती चित्रं कशावर काढली आहेत, हे सहसा विचारत नाही. खडबडीत कातळावर माती, बारीक वाळू, भाताचं तूस आणि झाडाझुडपांचे धागे कालवून गिलावा केला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर वर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना असे साधेच रंग. फक्त निळ्यासाठी लाजवर्द दगड दूरवरून आणलेला. रंगाचा हा थर इतका पातळ आहे की त्याला भिंतीची कातडीच म्हणावं. ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रं दोन हजार वर्षांपूर्वीची, तर बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली.

१८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. त्यानंतर नकला करणारे आले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमला गेला. पारो आणि गिलची गोष्ट आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेरा वर्षं नकला करत होते. त्यांतल्याही शंभराहून अधिक १८८५ च्या आगीत सापडल्या. या नकला करताना रंग नीट दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फिरवलं गेलं. त्या वेळी चित्र उजळलं, सगळ्यांना बरं वाटलं. पुढे त्या व्हार्निशवर धूळ बसली आणि ते काळवंडलं.

निजामाच्या राज्यात १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले गेले. सुटणारा गिलावा त्यांनी पक्का केला, त्यामुळे पुष्कळ तुकडे वाचले, हे त्यांचं श्रेय आहेच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा लेप दिला. लाख काळाप्रमाणे पिवळी पडली, मग तपकिरी झाली. पद्मपाणीचा सोनेरी वाटणारा रंग खरा किती आणि त्या लेपाचा किती, हा प्रश्न पुढच्यांना पडला. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तो लेप बोटाबोटाएवढ्या जागेतून उतरवायला कित्येक वर्षं घालवली. ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतलं काम तर १९९९ नंतर हाती घेतलं गेलं.

सगळ्यांचे हेतू चांगलेच होते. आपल्या चेहऱ्यावर आपण जे थापतो, तेही चांगल्याच हेतूने थापतो की!

म्हणून आज अजिंठ्यात काय करतात, ते ध्यानात घ्या. फ्लॅश मारू देत नाहीत, दिवे मंद असतात, रंगवलेल्या लेण्यांत माणसं थोडी थोडी आत सोडतात, कारण श्वासाचीसुद्धा ओल चित्रांना बाधते. नवा लेप देण्यापेक्षा उजेड, ओल आणि धूळ यांचा त्रास कमी करण्यावर सगळा भर. नाजूक त्वचेची निगाही नेमकी अशीच घ्यायची असते.

नाजूक त्वचा म्हणजे काय?

पाणी लागलं तरी ओढल्यासारखी होते, साबण बदलला की चुरचुरते, उन्हात दहा मिनिटांत लाल होते, ती नाजूक त्वचा. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या थरात पेशी आणि त्यांच्यामध्ये तेलकट पदार्थ असतो, विटा आणि चुन्यासारखा. हा चुना शाबूत असेल तोवर आतलं पाणी आत आणि बाहेरचा त्रास बाहेर राहतो. तो झिजला की साधं पाणीही झोंबतं. तेव्हा नाजूक त्वचेसाठी काय लावू, हे विचारण्याआधी तिला काय झिजवतं आहे, हे शोधायचं.

पहिला गुन्हेगार साबण. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि वडीचा साबण अल्कधर्मी. शिवाय बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी घासतो. मग साबणाची साय कातडीवर चिकटून राहते आणि खाज सुटते. चेहऱ्याला दिवसातून एकदा, रात्री, बिनवासाचं सौम्य क्लेन्झर पुरे. सकाळी नुसत्या कोमट पाण्याने धुतलं तरी चालतं. अंगालाही साबण लागतो तो काखा, जांघा, पाय एवढ्यालाच. बाकी अंगावर रोज साबण घासायचं काही कारण नाही.

दुसरा गुन्हेगार घासणं. मसूर डाळीचं जाडंभरडं पीठ, वाळलेल्या संत्र्याच्या सालीची पूड, खरखरीत घासणी, हे सगळं नाजूक चेहऱ्याला वर्ज्य. दिवाळीचं उटणं लावायचंच तर दुधात भिजवून मऊ करून नुसतं लावा आणि धुवा, रगडू नका. मुलतानी मातीने तेल शोषलं जातं. आधीच कोरडी असलेली त्वचा त्याने फाटते. आपला मराठवाड्याचा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही कोरडे, इथे तर जास्तच.

तिसरा गुन्हेगार लिंबू. "घरगुती आहे, अपाय काय होणार?" असं म्हणत आपण ते चेहऱ्यावर चोळतो. लिंबू चांगलंच आंबट, म्हणजे तीव्र आम्ल. आणि त्याच्या रसातले, विशेषतः सालीतले काही घटक उन्हाच्या संपर्कात आले की कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. सरबताला लिंबू पिळून तसंच उन्हात गेलेल्या हातांवरही असे डाग दिसतात. रापलेपण घालवायला लिंबू लावून वाळवणं टाकायला गच्चीवर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात!

"नैसर्गिक" या शब्दाने फसू नका. हळद, कडुलिंब, कोरफड यांचीही काहींना ॲलर्जी असते. कोरफडीचं पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक तर बहुतेकांना झोंबतो. वापरायचीच तर तो पूर्ण निथळून, धुऊन, आतला गर तेवढा घ्यावा.

आधी कोपरापाशी, मग चेहऱ्यावर

कुठलीही नवी वस्तू, मग ती घरची असो वा दुकानातली, आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागी लावून पाहायची. दिवसातून दोनदा, सलग सात दिवस. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही, तरच चेहऱ्यावर. एका दिवसात निकाल लावू नका, कारण ॲलर्जी पुष्कळदा तीनचार दिवसांनी उमटते. आणि एका वेळी एकच नवी वस्तू. तीन बाटल्या एकदम उघडल्या तर त्रास कुणामुळे झाला, ते कळणार कसं? प्रवासाला निघताना नवं क्रीम कधीच सुरू करू नये. हॉटेलात मिळणारी साबणाची वडी तशीच राहू द्यावी, आपला साबण आपल्याबरोबर असावा.

प्रवासात एसटीच्या किंवा गाडीच्या खिडकीकडे एकच बाजू सतत असली की तो हात आणि तो गाल जास्त रापतो. बंद काचेतूनही उन्हाचा काही भाग आत येतोच. तेव्हा सुती ओढणी, पूर्ण बाहीचा ब्लाउज किंवा सुती जाकीट हा पहिला उपाय. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, बिनवासाचं; नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइडचं सहसा मानवतं. चेहरा आणि गळा यांना दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यावं, बाहेर पडण्याआधी पंधरावीस मिनिटं लावावं आणि दर दोन तासांनी पुन्हा. वाटाण्याएवढं लावून दिवसभर निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर रापलेला चेहरा काही करून तीन दिवसांत पूर्ववत करायचा, हा हट्ट सोडा. थंड पाण्याची ओली घडी ठेवा. कोमट पाण्याची आंघोळ करा आणि अंग टिपून, ओलसर असतानाच दोनतीन मिनिटांच्या आत बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. कोरड्या ओठांना, कोपरांना, टाचांना साधी पेट्रोलियम जेली उत्तम. स्वस्त आणि निरुपद्रवी. रापलेपण आपोआप काही आठवड्यांत उतरतं, कारण कातडीचा वरचा थर झडून नवा येतच असतो. तिला तेवढी सवड द्यायची.

कुंकू, टिकली आणि मेणाची डबी

आपल्याला रोज सोसावा लागणारा एक लेप कपाळावरचा आहे. पूर्वीचं कुंकू हळदीला चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाचा संस्कार देऊन केलेलं असे. हल्ली बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ कुंकवांत कृत्रिम रंग असतात, त्याने खाज आणि काळसर डाग येऊ शकतात. टिकलीच्या मागच्या डिंकात कधी कधी पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असतं. त्याने काहींच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशींनाच ते मारतं. असा डाग दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डाग झाकायला त्यावर मोठी टिकली लावणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आपल्या आज्यांच्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची, आठवते ना? आधी मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. कुंकू टिकावं म्हणून ते असे, पण त्यामुळे कुंकवाचा कातडीशी थेट संबंधही कमी येई. आजही ज्यांना कुंकू बाधतं, त्यांनी मेणाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन बघावं. रात्री झोपताना टिकली काढायची, तिचा डिंक थोड्या तेलाने पुसायचा आणि रोज एकाच ठिकाणी लावायची नाही. नकली दागिन्यांतल्या निकेलने गळ्याभोवती पुरळ येत असेल, तर घरात साधा दोरा किंवा सुती गोफ घालावा. त्याने सौभाग्याला काही होत नाही.

गोऱ्या रंगाची ट्यूब

आता जरा गंभीर बोलते. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीचं लग्न ठरलं. साखरपुड्याआधी चेहरा उजळावा म्हणून कुणीतरी एका ट्यूबचं नाव सांगितलं; औषधाच्या दुकानातून ती चिठ्ठीशिवाय मिळाली. आठ दिवसांत चेहरा खरोखर उजळला, घरभर कौतुक झालं. दोन महिन्यांनी मुलीचे गाल टोमॅटोसारखे लाल. उन्हात जाववेना, ट्यूब थांबवली की आग आणि फोड, पुन्हा लावली की बरं. लग्नाच्या फोटोंत ती मुलगी जाड मेकअपखाली आहे. तो लेप उतरायला डॉक्टरांची मदत घेऊन वर्षाच्या वर काळ गेला.

अशा ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा. ही वाईट औषधं आहेत असं मुळीच नाही. डॉक्टरांनी ठरावीक आजाराला, ठरावीक दिवस दिली तर गुणाची. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं येतात, लवही वाढते. गजकर्णावर तर अशी मिश्र क्रीमं लावल्याने ते दबतं आणि आतून पसरतं. २०१८ साली सरकारने अशा लावायच्या पुष्कळ स्टेरॉइड औषधांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम केला. तरी ती मिळतात, कारण आपण मागतो.

कुणी अशी ट्यूब बराच काळ वापरत असेल, तर रागाने एकदम फेकू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे ती ट्यूबच घेऊन जावं. ते हळूहळू कमी करत थांबवतात. आणि अंगावर पित्त उठून ओठ, डोळे सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा.

लेकीसुनांचा रंग उजळवायला निघालेल्या आयांना आणि सासवांना माझी हात जोडून विनंती आहे. भिंतीवरचा लेप उतरवायला सरकारी रसायनतज्ज्ञ असतात. मुलीचा चेहरा मात्र तिला एकटीलाच घेऊन आयुष्य काढायचं असतं.

चित्र घेताना

आता हौसेच्या वस्तूकडे वळू. चित्र घेताना शक्यतो करणाऱ्याच्याच हातून घ्यावं आणि चार प्रश्न विचारावेत: कशावर काढलं, रंग कसले, कोणाचं नाव, काय प्रसंग? वारली चित्राचंच पाहा. पूर्वी लग्नघरी पालघट देवीचा चौक सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखत. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. १९७० च्या सुमारास जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले आणि ही कला जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी आहेत, ती परंपरा सांभाळणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा ठिकाणाहून घेतलेल्या चित्रामागे माणूस असतो. म्हणून घरी आल्याबरोबर चित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: करणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, विषय. बॉलपेनने नको, शाई पुढून उमटते.

आपल्या शहरात पाहुण्यांसाठी हिमरू आणि मशरू ही खास चीज. मशरूची विणकर मंडळींनी केलेली युक्ती मला फार आवडते: वरून रेशमाची झळाळी आणि आतून, अंगाला लागणारी बाजू सुताची. नाजूक त्वचेच्या बायकांनी कपडा निवडताना हेच तत्त्व धरावं. जरीकाम, लेस, नायलॉन वरून काय हवं ते. अंगाला लागेल ते सुती. हातमाग आता मोजकेच उरलेत, यंत्रमागाचा माल पुष्कळ. घेताना कापड उलटं करून मागची बाजू बघायची सवय ठेवा.

जुन्या वस्तूंचा मोह मात्र आवरा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं यांच्या खरेदीविक्रीला आणि परदेशी नेण्याला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. लेण्यांतला, किल्ल्यातला दगडाचा कपचासुद्धा आठवण म्हणून उचलू नये.

कागदावरचं चित्र प्रवासात दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावं. कापडावरचं गुंडाळायचं तर घडी न घालता जाड नळीवर सैल, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर रंग चेपला जातो. वर्तमानपत्रात कधीच गुंडाळू नका, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही चित्राला लागतात.

फ्रेमवाल्याला काय सांगाल?

फ्रेम करणारे कारागीर कुशल असतात, पण आपण सांगितल्याशिवाय त्यांना चित्राची किंमत कळत नाही. त्यांना देवाच्या तसबिरी आणि छापील चित्रं रोज करायची असतात. तेव्हा पुढच्या गोष्टी समोर उभं राहून सांगा.

एक, चित्र कापायचं नाही. चौकटीत बसत नाही म्हणून कडा छाटायच्या नाहीत, चौकट मोठी करायची.

दोन, चित्र मागच्या पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवायचं नाही. पूर्ण चिकटवलेलं चित्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात ताणतं आणि मग फाटतं. कागदावरचं छोटं चित्र जुन्या आल्बममधल्या फोटोसारखं चार कागदी कोपऱ्यांत अडकवता येतं. चित्राला डिंक लागतच नाही. सेलोटेप तर हातात धरू नका, चारपाच वर्षांत पिवळा डाग कायमचा.

तीन, लॅमिनेशन नको. एकदा केलं की ते चित्राला घेऊनच निघतं.

चार, चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा हवाच. तो शोभेसाठी नसून काच चित्राला टेकू नये म्हणून असतो. आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींचं पट्टचित्र असं काचेला टेकलेलं होतं. एका पावसाळ्यात रंग काचेला चिकटला, आणि काच काढताना देवाचा चेहराच काचेबरोबर आला. मेणाचं कुंकवाखाली जे काम, तेच माउंटचं काचेखाली. पुठ्ठा आम्लविरहित मागा. थोडा महाग पडतो, पण साध्या पुठ्ठ्याच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटते, ती टळते.

पाच, मागे हार्डबोर्ड लावणारच असतील, तर चित्र आणि त्यामध्ये आम्लविरहित कागद घाला. मागच्या फटी कागदाने बंद करून घ्या, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावले की चौकट भिंतीपासून जराशी सुटी राहते आणि मागून हवा खेळते.

कापडाचा नमुना असेल, म्हणजे हिमरू, जुन्या पैठणीचा पदर, भरतकाम, तर तो चिकटवायचाच नाही. धुऊन स्टार्च काढलेल्या पांढऱ्या सुती कापडावर तो बारीक सुईने सैल टाके घालून शिवायचा आणि ते सुती कापड पाटीवर ताणायचं. हे काम आपणच दुपारी बसून करू शकतो.

कुठे लावाल, कसं पुसाल

खिडकीसमोरची भिंत चित्राला वाईट. काचेतून येणारं ऊन रोज थोडं थोडं रंग खातं आणि गेलेला रंग परत येत नाही. आपल्याकडे पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात रात्रीपर्यंत तापलेली असते, ती टाळा. न्हाणीघराला लागून असलेली भिंत ओलीची, शेगडीजवळची तेलकट धुराची, देवघरासमोरची काजळीची. बैठकीतली आतली, सावलीतली भिंत सर्वांत चांगली. सगळी चित्रं एकदम लावायची गरज नाही. दोन लावा, बाकीची सुती कापडात सपाट ठेवा, सहा महिन्यांनी बदला. खोलीला नवेपणा येतो आणि चित्रांना विश्रांती मिळते.

काच पुसताना ओलावा फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. पाणी कडेने आत झिरपतं. काच नसलेल्या चित्रावर ओलं फडकं कधीच नको. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग पाण्याने पुसला जातो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. पावसाळा संपला की एकदा प्रत्येक चौकट उतरवून मागची बाजू बघायची: बुरशी, वाळवी, पालीची अंडी. वेरुळच्या जुन्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आढळले, आणि कीड दूर राहण्यात त्यांचा वाटा असावा, असं अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडलं. आपल्याला एवढं करायला नको. महिन्याला एक नजर पुरते. डांबराच्या गोळ्या चित्राला किंवा जरीला टेकवून ठेवू नका.

पुढच्या सुटीची तयारी कराल तेव्हा बॅगेत एवढं आठवणीने टाका: आपला साबण, वापरून पाहिलेलं सनस्क्रीन, पेट्रोलियम जेलीची छोटी डबी, सुती ओढणी, दोन जाड पुठ्ठे आणि एक मऊ पेन्सिल. आणि परत आल्यावर पहिला आठवडा चेहरा आणि चित्र, दोघांनाही काही न लावता सावलीत असू द्या.